खंजिरी, जातं आणि कंडेन्सर माइक : आर्वी तालुक्यातल्या एका घरातल्या रेकॉर्डिंगच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

कामं दोन आहेत. गावातल्या भजनी मंडळाची आठ-दहा भजनं रेकॉर्ड करायची, आणि मोठीमायच्या जात्यावरच्या ओव्या. मंडळ खंजिरीचं. मोझरीचा गुरुकुंज आमच्यापासून फार लांब नाही, तुकडोजी महाराजांची खंजिरी या पट्ट्यात अजून गावोगावी वाजते. म्हणजे खंजिरी, हार्मोनियम, ढोलक, टाळ आणि वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी तसा बुवांचा मोकळा गळा. दुसरीकडे मोठीमाय, जिचा आवाज वयाने बारीक झालाय. दोन्ही कामं एकाच चांगल्या माइकवर भागवायची आहेत.

हाताशी काय आहे : लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेला लॅपटॉप, मंडळाच्या लाउडस्पीकरचा डायनॅमिक माइक (स्टेजवरचा, याला वीज लागत नाही), आणि मागे ऑनलाइन मागवलेला बीएम-८०० साच्यातला स्वस्त कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा माइक, याला वीज लागते). मंडळाने वर्गणीतून दहा हजार दिले, दहा मी टाकणार. वीस हजारांत माइक, इंटरफेस (माइकला वीज देऊन त्याचा आवाज लॅपटॉपात नेणारी पेटी), केबल, स्टँड, सगळं.

डायनॅमिकवर भागलं असतं तर हा खर्चच नव्हता. बुवांचा आवाज त्यावर बरा येतो. पण हार्मोनियम डब्यात ठेवून वाजवल्यासारखी येते आणि मोठीमायला तो तोंडाला लावून बसवायचं म्हटलं की ओवी संपली.

१६ नोव्हेंबर

आधी घरातला बीएम-८०० तपासला. याच्यासोबत जी केबल येते तिच्या एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या इअरफोनसारखी ३.५ मिमीची पिन असते. ती थेट लॅपटॉपला लावली. आवाज आला, पण आवाजाखाली कढईत फोडणी चालू असल्यासारखी सततची चर्रर्र. लॅपटॉपच्या त्या सॉकेटमधून माइकला दोन-चार व्होल्टच मिळतात, कंडेन्सरला लागतात ४८. शिवाय लॅपटॉपच्या आतलं माइकचं सर्किट व्हिडिओ कॉलपुरतंच असतं.

जाळी उघडून पाहिली. बाहेरून एवढं मोठं डोकं, आत बोराएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे माइकचा खरा कान. त्यात वाईट काही नाही, छोट्या कॅप्सूलचेही चांगले माइक असतात. फक्त फोटो पाहून ‘स्टुडिओसारखा’ म्हणून घेऊ नका. आणि असा माइक आधीच घरात असेल तर फेकूही नका, ४८ व्होल्टवर तो कसा वागतो ते पुढे लिहितो.

२४ नोव्हेंबर

यादी. वीस हजारांत इंटरफेसही बसवायचा असल्याने माइकसाठी नऊ-दहाच्या वर जाता येत नाही.

ऑडिओ-टेक्निका एटी२०२०. स्वतःची खरखर २० डेसिबल, सहन करण्याची मर्यादा १४४ डेसिबल. ना पॅडचं बटण (मोठा आवाज आत येतानाच कमी करणारं) ना खर्ज कापायचं. एकेजी पी१२०. याला २० डेसिबलचा पॅड आहे आणि खर्ज कापायचं बटणही. खंजिरीसाठी कागदावर हाच बरा दिसतो. बेहरिंगर सी-२. छोट्या डायफ्रामच्या (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याच्या) दोन माइकची जोडी, वाद्यांसाठी छान, पण एकट्या गायकासाठी मला एकच माइक हवा होता. रोड एनटी१-ए. खरखर फक्त ५ डेसिबल. या यादीत सगळ्यात शांत हाच, आणि बजेटच्या बाहेरचाही हाच.

यूएसबी माइक यादीतूनच काढले. एकट्याने पॉडकास्ट करायचं तर ते सोयीचे आहेत, इंटरफेसचा खर्च वाचतो. पण इथे दोन माइक एका वेळी लागणार, आणि विंडोजवर दोन यूएसबी माइक एकाच सॉफ्टवेअरमध्ये एका तालात चालवणं म्हणजे डोकेदुखी.

रात्री एनटी१-एवरच अडकलो होतो. ५ आणि २० मध्ये १५ डेसिबलचा फरक, आणि मोठीमायचा आवाज बारीक. मग खोलीत बसून नुसतं ऐकलं. शेजारच्या गोठ्यातली घंटी, दूर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर (या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची आहे), भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, कुत्री. आपल्याकडची शांतता २० डेसिबलच्या खाली उतरतच नाही. जी खरखर गावाच्या आवाजाखाली बुडणार आहे ती कमी करायला दुप्पट पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न त्या रात्रीपासून डोक्यात बसला. अमरावतीच्या एका मित्राकडे एनटी१-ए आहे. तो महिनाभरासाठी मागितला, म्हणजे भांडण कागदावर न राहता कानांवर सोडवता येईल.

१ डिसेंबर

नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीत माइक ‘ऐकून’ घेता येतो हा भ्रम होता. दुकानात पंखा, बाहेर हॉर्न, आणि हेडफोन तिथलाच. तिथे सगळेच माइक सारखे वाटले. पी१२० त्या दिवशी हजर नव्हता, मागवून देतो म्हणाले. मंडळाने तारीख धरली होती, म्हणून एटी२०२० घेतला.

एटी२०२० साडेआठ हजार, दोन चॅनेलचा इंटरफेस सात हजार, दोन एक्सएलआर केबल नऊशे, दोन स्टँड अठराशे, कापडी पॉप फिल्टर (तोंडाची हवा अडवणारा पडदा) साडेतीनशे. गाडीभाडं आणि जेवण धरून एकोणीस हजारांच्या जरा वर. हेडफोन जुनाच.

इंटरफेस घेताना ४८ व्होल्टचं बटण सगळेच पाहतात. पॅडचं बटण आहे का तेही पाहा. माझ्याला नाही, आणि ते का हवं ते खंजिरीने लगेच शिकवलं.

७ डिसेंबर

समोरच्या खोलीत पहिली चाचणी. वर टिन, खाली फरशी, दोन समोरासमोरच्या चुनकळीच्या भिंती. बुवांनी माइक पाहिला आणि सवयीने त्याच्या टोकावर तोंड धरून गायला लागले. आवाज लांबून, कोंदट. मी थांबवलं तर म्हणाले, “मंग याच्या कोन्त्या आंगाले गाऊ? स्टेजवरचा तं वरूनच आयकते नं बाबू.” या माइकला टोकावर कान नसतात, बाजूला असतात. एटी२०२० मध्ये कंपनीचं चिन्ह ज्या बाजूला ती समोरची बाजू, एनटी१-ए मध्ये सोनेरी ठिपका ज्या बाजूला ती. शेवटी एका लाल टिकलीवर काम भागलं. मोठीमायच्या पाकिटातली टिकली माइकच्या तोंडाच्या बाजूला चिकटवली आणि “टिकलीकडे पाहून गा” एवढंच सांगितलं.

खंजिरीची पहिली थाप पडली आणि इंटरफेसचा दिवा लाल. गेन (आवाज वाढवायचं बटण) शून्यावर आणला तरी लाल. माइक फुटभर अंतरावर होता. मागे सरकवावा तर खोली बोलायला लागते : प्रत्येक थापेमागे भिंतीभिंतींतून टर्रर्र असा आवाज पळत जातो आणि टिन वरून उत्तर देतं. जवळ ठेवावा तर फाटतो, लांब ठेवावा तर खोली येते. त्या दिवसाचं काहीच कामाचं नाही.

८ डिसेंबर

मागच्या खोलीत कापूस आहे. दहा बाय बाराची खोली, वर स्लॅब, आणि यंदाचा वेचलेला कापूस तीन भिंतींना लागून छातीएवढा. लांब धाग्याचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये, व्यापारी त्याखाली मागून राहिले, म्हणून बाबांनी घरातच भरून ठेवलाय. दोरी शोधायला आत गेलो, शिंकलो, आणि शिंक आल्या जागीच विरली. टाळी वाजवली, टाळीही तशीच.

दुपारपर्यंत मधली जागा मोकळी केली. कापसाच्या ढिगासमोर बुवांना बसवलं, पाठीमागे कवाडावर दोन वाकळी टांगल्या. माइक तीन फुटांवर. दिवा हिरवा, खंजिरीची थाप गोल, तिच्या झांजा वेगळ्या ऐकू येतात. कालचाच माइक, कालचाच इंटरफेस. सरकीसकट मोकळा भरलेला कापूस चांगलाच जाड असतो. बाजारातला इंचभर जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो, हा ढोलकाचा घुमारासुद्धा खातो.

तिथे काम करायचं तर एवढं सांभाळा. कापसाचे तंतू हवेत फिरतात आणि जाळीवर बसतात, म्हणून माइक वापरात नसेल तेव्हा त्यावर धुतलेली सुती पिशवी घाला, आणि मध्ये पॉप फिल्टर ठेवाच. खोलीत बिडी, उदबत्ती, शेगडी काही नाही. बुवांनी पाच मिनिटांची सुटी मागितली की त्यांना अंगणात काढायचं. आणि अंगाला खाज सुटते, ती सुटतेच. फुल बाह्यांचा शर्ट घाला.

१५ डिसेंबर

मंडळाची एक अख्खी बैठक वाया गेली. सगळ्या भजनांखाली बारीक घूं. हेडफोनमध्ये वाजवताना कळलं नाही, कारण ढोलक चालू होता. रात्री ऐकलं तर भजन संपल्यावर उरते ती घूंच.

आधी माइकवर संशय, मग केबलवर. केबल बदलली, माइक बदलला, घूं तीच. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि घूं गेली. आमच्या घरातल्या प्लगला तिसरं भोक आहे, पण त्यामागे अर्थिंगची वायरच नाही. चार्जरची गळती इंटरफेसमधून माइकच्या वाटेत येते. ५० हर्ट्झची घूं आणि तिच्या पटीतले सूर, १००, १५०, असे चढत जातात, त्यामुळे एक पट्टी कापून ती जात नाही.

तात्पुरता इलाज बॅटरी. इंटरफेस आणि ४८ व्होल्ट दोन्ही लॅपटॉपवरच चालतात, म्हणून माझी बॅटरी दीड तास पुरते, तेवढीच बैठक. कायमचा इलाज वायरमनकडून : अंगणात खड्डा, सळई, मीठ-कोळसा, खोलीपर्यंत हिरवी वायर. बावीसशे रुपये. माइकच्या बजेटमध्ये हे कुणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

पंख्याचा रेग्युलेटर आणि मोबाइलही खोलीबाहेर. ज्याच्या खिशात मोबाइल होता त्याच्या टाळाबरोबर टिक टिक टिक येत होतं.

२२ डिसेंबर

तुलना. इंटरफेसला दोनच चॅनेल, म्हणून दोन-दोन माइक एकदम लावले. कॅप्सूल एकमेकांशेजारी, एकाच उंचीवर, म्हणजे गाणं तेच आणि थापही तीच. वेगवेगळ्या वेळी गाऊन तुलना करू नका, माणूस दुसऱ्यांदा तसं गातच नाही. आवाजाची पातळीही एक करून घेतली : मोबाइलवर १,००० हर्ट्झची शिट्टी ठराविक जागेवर वाजवायची आणि दोन्हीकडे आकडा सारखा येईपर्यंत गेन फिरवायचा. जो माइक जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि एनटी१-ए मुळातच एटी२०२० पेक्षा पाचेक डेसिबल जोरात बोलतो.

फाइलींना अ, ब, क नावं दिली आणि बुवा, ढोलकवाला, माझी बहीण असे सगळे ऐकायला बसवले.

बुवांचा एकट्याचा आवाज : बहुतेकांनी एनटी१-ए निवडला. शब्दांची कड स्वच्छ, खालचा आवाज भरदार. एटी२०२० जरा साधा, मधल्या पट्टीत पुढे आलेला. फरक आहे, पण शेजारी ठेवून ऐकल्यावरच कळणारा.

खंजिरी आणि टाळ : उलट. एनटी१-ए मध्ये टाळ कानात टोचतो. ढोलकवाला म्हणाला, “हा टाळ दातावर लागून राह्यला.” शिवाय तो जोरात बोलत असल्याने माइक जवळ आणले की इंटरफेस आधी त्याच्यावरच लाल होतो. लक्षात घ्या, इथे माइक फाटत नाही. दोघांच्याही मर्यादा खंजिरीच्या खूप वर आहेत. फाटतो तो बिनपॅडचा इंटरफेस. एटी२०२० कमी बोलतो हाच इथे त्याचा गुण ठरला.

हार्मोनियम : कुणालाच फरक ओळखता आला नाही. इथे माइकपेक्षा जागा महत्त्वाची. ऐकणाऱ्यांच्या बाजूने माइक लावला की भात्याची फुसफुस आणि लाकडाची करकर येते, कारण भाता त्याच बाजूला असतो. वाजवणाऱ्याच्या बाजूने, पट्ट्यांच्या दीड फूट वर, जरा उजवीकडे लावला तर सूर येतात आणि भाता मागे राहतो. पट्ट्यांची खटखट थोडी येते, ती चालते.

बीएम-८०० : ४८ व्होल्टवर, धड केबलने, त्याची चर्रर्र निम्म्याहून कमी झाली. हार्मोनियमवर कुणी नाकही मुरडलं नाही. खंजिरीच्या झांजांवर मात्र काचा चुरडल्यासारखा. मागे म्हणणाऱ्यांसाठी दुसरा माइक म्हणून तो ठेवला. म्हणजे पुढच्या माइकचे पैसे तूर्त वाचले.

११ जानेवारी २०२५

मोठीमायच्या ओव्या. माझा बेत असा होता की तिला कापसाच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, एनटी१-ए समोर, शांतपणे म्हणायला लावायचं. तिने दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. “जातं नाही तं ओवी कुठून येईन रे?” हात नुसतेच फिरवून पाहिले, तरी तिसरी ओळ आठवेना.

मग जातं आणलं. रिकामं फिरवू म्हटलं तर तेही नाही, रिकामं जातं फिरवत नसतात. तूर भरडायला घेतली. पीठ दळताना धूळ उडते आणि ती माइकच्या आत गेली तर निघत नाही. डाळीची भरड जड, खालीच पडते. आवाज मात्र जास्त, दगडाची घरघर आणि वर दाण्यांची कडकड.

आता माइकची शांतता घेऊन काय करायचं? जातं सुरू झालं की ५ काय आणि २० काय. इथे कामी आली ती कार्डिऑइडची पाठ. कार्डिऑइड माइक समोर सगळ्यात जास्त ऐकतो आणि बरोबर पाठीमागे सगळ्यात कमी. पहिल्यांदा माइक वरून, कपाळाच्या उंचीवरून खाली रोखला : तोंडही समोर, जातंही समोर, सगळी घरघर आत. मग उलटं केलं. स्टँड पार खाली घेतला, माइक जात्याच्या कडेशी, खुंट्याच्या फेऱ्याच्या बाहेर, आणि टिकली वर मोठीमायच्या तोंडाकडे. पाठ दगडाकडे. ती पुढे वाकून दळते, त्यामुळे तोंड माइकपासून जेमतेम दीड फूट राहतं. घरघर मागे गेली. आहे, पण ओवीच्या खाली आहे. स्टँडच्या पायांखाली गोणपाटाच्या चार घड्या घातल्या, नाहीतर जात्याचा हादरा फरशीतून थेट माइकमध्ये चढतो. नंतर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झखालचं कापलं.

दोन्ही माइक असेच लावून पाहिले. मोठीमायच्या आवाजात एनटी१-ए थोडा गोड, एवढंच. खरा फरक दळण थांबल्यावर कळला. तूर संपली, ती हात पुसत सासरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट सांगायला लागली, अगदी हळू, आणि तिथे एटी२०२० च्या मागे बारीक सूं ऐकू येते, एनटी१-ए च्या मागे नाही. ज्यांना फक्त म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी टिपायच्या आहेत आणि ज्यांच्याकडे खरोखर शांत खोली आहे, त्यांनी शांत माइकसाठी पैसे साठवावेत. माझ्या कामात अशी मिनिटं फार थोडी.

२ फेब्रुवारी

पूर्ण मंडळ एकदम. एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून पाहिलं होतं. हेडफोन घालून टाळकऱ्याचा टाळ सुटतो आणि बुवांना समोर माणसं नसली तर ताणच येत नाही. सगळे एकत्रच बसवायचे हे ठरलं.

एटी२०२० बुवा आणि हार्मोनियमच्या मध्ये, दोन फुटांवर. खंजिरी त्याच्या बाजूला चार फुटांवर. टाळवाले सगळ्यात मागे, भिंतीजवळ, कापसाला टेकून. बीएम-८०० मागे म्हणणाऱ्यांसमोर, पहिल्या माइकपासून सहा फुटांवर. माणूस ते माइक जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन्हीकडे जरा मागेपुढे पोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ होतो. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास. वर जागा राहू द्या. भजन रंगलं की शेवटच्या कडव्यात सगळेच दीडपट जोर लावतात आणि हे चाचणीत कधीच दिसत नाही.

खंजिरीचं कातडं सकाळच्या थंडीत उतरतं, मग थाप ढप्प येते. उन्हात ठेवून चढवलं. दोन भजनांच्या मध्ये परत उन्हात.

चार भजनं मनासारखी झाली. एनटी१-ए मित्राला परत दिला.

१ मार्च

बाबांनी कापूस विकला. मी एखादा महिना थांबा म्हणून पाहिलं. “तुह्या रेकॉर्डिंगपायी कापूस घरात ठेवू काय? खालून पिवळा पडून राह्यला.” बरोबरच होतं.

रिकामी खोली म्हणजे हौद. रुंदी दहा फूट आणि उंचीही दहाच फूट, म्हणून ११२ हर्ट्झच्या आसपास ती दुप्पट घुमते, आणि बुवांचा खालचा आवाज नेमका तिथेच. माइक परत फुटावर आणावा लागला. फुटावर आणला की खंजिरी लाल आणि बुवांचा आवाज बोजड, कारण कार्डिऑइड माइक जवळून खर्ज फुगवतो. ७ डिसेंबरच्या पहिल्या चाचणीवर परत आलो.

आधी अंड्यांचे ट्रे लावले. कुणीतरी सांगितलं होतं. पुठ्ठा आहे, काही होत नाही. काढले.

मग पाट्या केल्या. चार फूट बाय दोन फूट, सहा इंच खोल लाकडी चौकट. सुतार गावातलाच. आत जुन्या गाद्यांचा कापूस, गादीवाल्याकडून पिंजून घेतलेला, कारण दबलेला गोळा आवाज खात नाही. पुढून जुनं सुती लुगडं ताणून लावलं. साडीचं नायलॉनचं कापड नको, त्यातून हवा नीट जात नाही. अशा सहा पाट्या. दोन कोपऱ्यांत तिरप्या उभ्या, तीन भिंतींना, एक बुवांच्या डोक्यावर दोरीने टांगलेली. लाकूड, पिंजाई, सुताराची मजुरी मिळून साडेतीन हजार. कापसाच्या ढिगासारखं होत नाही. पण माइक दोन फुटांपर्यंत मागे घेता येतो, आणि दोन फुटांवर खंजिरी हिरव्यात राहते.

२० एप्रिल

पारा ४४ च्या वर. कुलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही, माइकची पाठ त्याच्याकडे करून पाहिली तरीही, कारण कुलरचा आवाज खोलीभर असतो. कुलर बंद करून सहा माणसं आत कोंडली तर दुसऱ्या भजनाला हार्मोनियमवाल्याच्या कोपरावरून घाम पट्ट्यांवर गळतो. पहाटे चारला बसायचं ठरलं. चार ते साडेपाच उत्तम. पुढे कोकीळ आणि चिमण्या, त्या भजनात वाईट वाटत नाहीत, राहू दिल्या. सात वाजता समोरच्या खोलीच्या टिनावर ऊन पडतं आणि टिन तापून टक्, टक्, टक् वाजायला लागतं. ते थेट भिंतीतून येतं आणि कशानेही काढता येत नाही. ऊन आलं की आवरायचं.

उरलेली भजनं अशीच पहाटे झाली. झोप मोडल्याने बुवांचा गळा पहिला अर्धा तास जड असतो, तेव्हा हार्मोनियम आणि ढोलकाची पातळी लावून घ्यायची.

२९ जून

पाऊस. टिनावर सर पडली की मागच्या खोलीतही भरपूर ऐकू येतं. पेरण्या सुरू, मंडळही वावरात. काम बंद.

बीएम-८०० रात्रभर स्टँडवरच राहिला होता, सकाळी त्यात तडतड. कॅप्सूलवर ओल बसली की कंडेन्सर असं करू शकतो. उन्हात ठेवायचा नाही. कोरड्या डब्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी ठीक. आता दोन्ही माइक पापडाच्या स्टीलच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे होतात, पण त्यासाठी वेगळा तवा ठेवा, स्वयंपाकाचा नको.

हिशेब मंडळासमोर मांडला : नागपूरची खरेदी, अर्थिंग, पाट्या, किरकोळ मिळून पंचवीस हजारांच्या जवळ. पाच हजार वर गेले ते सगळे खोलीवर आणि विजेवर, माइकवर एक रुपयाही नाही. कोषाध्यक्षांनी विचारलं की एवढ्यात तो मित्राचा महागडा माइकच आला असता ना. आला असता. मग इंटरफेसही राहिला नसता आणि खोली तशीच घुमली असती. त्यांना पटलं असं दिसलं नाही.

पोळ्यानंतर परत बसायचं आहे, मंडळाला गवळणीही हव्या आहेत. त्याआधी पॅडवाला इंटरफेस घ्यायचा, जुना विकून. आणि बाबांना आत्ताच सांगून ठेवलंय की यंदाचा कापूस मागच्याच खोलीत भरा.